लिनक्स कर्नलमधील टायमर ड्रायव्हर आणि त्याचे परीक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास सांगताना गणनाचा वेग आणि स्मृतीची क्षमता यांच्या वाढीचा उल्लेख हटकून केला जातो. संगणक वेळ कशी मोजतो, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहतो. वस्तुतः अनेक कामे एकत्र चालविणाऱ्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमचा व्यवहार कालमापनावर आधारलेला असतो. कोणत्या कामाला किती अवधी द्यावा, उत्तराची वाट किती वेळ पाहावी, हे सर्व कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, टायमर नावाच्या यंत्रभागाच्या साहाय्याने ठरवितो. या यंत्रभागाशी कर्नलचा संवाद घडवून आणणारा कोड म्हणजे टायमर ड्रायव्हर होय.

टायमरमधील दोष दीर्घकाळ सुप्त राहतात. म्हणून त्याबाबत केवळ चाचणीवर विसंबता येत नाही. दुसऱ्या जाणकाराने तो कोड ओळ न् ओळ वाचणे अपरिहार्य ठरते. लिनक्स कर्नलच्या इतिहासाच्या आधारे हे प्रतिपादन मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. यंत्राची घटिका :

आपल्याकडील घटिकापात्राची रचना येथे उपयुक्त ठरते. तळाला छिद्र असलेले पात्र पाण्यात २४ मिनिटांनी बुडे आणि जवळ बसलेला माणूस घटिका मोजून पात्र पुन्हा रिकामे करी. पात्र म्हणजे टायमर, हिशेब ठेवणारा माणूस म्हणजे कर्नल आणि पात्र बुडाल्याची वर्दी म्हणजे इंटरप्ट, असे समीकरण मांडता येईल.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेल कंपनीची ८२५३ ही टायमर चिप होती. अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीशी निगडित असलेल्या १४.३१८१८ मेगाहर्ट्झ कंप्रतेला १२ ने भागून तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने पुरविली जात. तिचा काउंटर १६ बिटांचा असल्याने तो ६५,५३६ पर्यंतच मोजू शके. परिणामी सेकंदाला सुमारे १८.२ इंटरप्ट हा त्या संगणकाचा मूळ ताल ठरला.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी असलेल्या लायनस टोरव्हाल्ड्‌स याने लिनक्सचा आरंभ केला. पीसीवरील लिनक्समध्ये हा ताल सेकंदाला १०० ठेवण्यात आला. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत तो १,००० झाला. ताल वाढविण्यात एक मेख होती. ११,९३,१८२ ला १,००० ने भागल्यास ११९३.१८ हा अपूर्णांक येतो, तर काउंटरला केवळ पूर्णांक समजतो. ११९३ घेऊन उरलेला अंश हिशेबात न धरल्यास घड्याळात दिवसाला सुमारे १३ सेकंदांचा फरक पडतो. त्यामुळे कर्नलला प्रत्येक ठोक्याचा खरा अवधी स्वतंत्रपणे हिशेबात घ्यावा लागतो. अशी चूक पाच मिनिटांच्या चाचणीत डोळ्यांना दिसत नाही. भागाकार वाचणाऱ्यालाच ती दिसते.

२. दीर्घकाळ सुप्त राहणारे दोष :

काउंटर मर्यादित असतो. तो भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दर मिलिसेकंदाला वाढणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली इतके दिवस अखंड चालल्यास बंद पडू शकतात, हे मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये मान्य केले. म्हणजे पहिली आवृत्ती बाजारात आल्यानंतर हा दोष उघड होण्यास सुमारे चार वर्षे लागली.

लिनक्समध्येही ठोक्यांची संख्या अशाच काउंटरमध्ये ठेवली जात असे. सेकंदाला १०० ठोके असताना तो ४९७ दिवसांनी शून्यावर येई. एवढा काळ थांबून चाचणी कोण करणार? यावर विकसकांनी दोन उपाय योजले. दोन वेळांची थेट तुलना न करता त्यांच्या वजाबाकीवरून क्रम ठरविण्याची पद्धत रूढ केली. आणि संगणक सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच हा काउंटर भरून शून्यावर येईल, अशी त्याची आरंभीची किंमत ठेवली. जो दोष ४९७ दिवसांनी उघड झाला असता, तो पाच मिनिटांत उघड व्हावा, ही यामागील दृष्टी होती.

कालमापनातील चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे कर्नलच्या क्षेत्राबाहेरील एका घटनेतून दिसते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने १९९२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांत नेमका मांडता न आल्याने सुमारे १०० तासांच्या अखंड वापरानंतर ०.३४ सेकंदांची चूक साचली होती. येथेही दोष काही तासांत न जाणवणारा, परंतु काळाबरोबर वाढत जाणारा होता.

३. परीक्षकाची दृष्टी :

टायमर ड्रायव्हर वाचणाऱ्यास यंत्राचे स्वभावदोषही ठाऊक असावे लागतात. ८२५३ चिपमधील १६ बिटांची संख्या दोन टप्प्यांत वाचावी लागते. ती आधी गोठवून न घेतल्यास पहिला अर्धा भाग एका क्षणाचा आणि दुसरा पुढच्या क्षणाचा येऊ शकतो. इंटेलच्या पीआयआयएक्स-४ या चिपमधील २४ बिटांच्या टायमरमध्ये वाचताना चुकीची संख्या येण्याचा दोष होता. लिनक्सच्या ड्रायव्हरने तो टायमर तीनदा वाचून, संख्या सुसंगत आहेत याची खात्री करण्याचा मार्ग स्वीकारला. हे कारण ठाऊक नसलेल्या वाचकास तीनदा वाचन अनाठायी वाटेल आणि तो ते काढून टाकेल.

पुढे आलेल्या एचपीईटी टायमरमध्ये काउंटर ठरावीक संख्येशी जुळला की इंटरप्ट येतो. परंतु ती संख्या लिहिली जाईपर्यंत काउंटर तिच्या पुढे निघून गेला असेल, तर जुळणी काउंटरच्या पुढच्या फेरीतच होते. ३२ बिटांच्या काउंटरची ही फेरी काही मिनिटांची असू शकते. म्हणून संख्या लिहिल्यानंतर वेळ टळली नाही ना, हे ड्रायव्हरने तपासले आहे का, असा प्रश्न परीक्षकाने विचारावयाचा असतो.

४. परीक्षणाची परंपरा :

दुसऱ्याचा कोड शिस्तीने वाचण्याच्या पद्धतीला आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने रीतसर रूप दिले. लिनक्समध्ये ही पद्धत खुल्या स्वरूपात विकसित झाली. प्रस्तावित बदल सर्वांसमोर मांडला जातो, त्यावरील आक्षेप व उत्तरेही सर्वांना वाचता येतात आणि परीक्षण करणाऱ्याचे नाव ‘रिव्ह्यूड-बाय’ या शब्दांसह त्या बदलाच्या नोंदीत कायम राहू शकते. अशी नोंद म्हणजे निर्दोषतेची हमी नव्हे; आपण तांत्रिक परीक्षण केले आहे आणि बदल स्वीकारार्ह वाटतो, एवढी जबाबदारी परीक्षक घेतो.

परीक्षण सुकर होण्यासाठी रचनाही बदलावी लागली. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार व जॉन स्टुल्ट्झ यांच्या प्रयत्नांतून २००६-०७ या काळात वेळ वाचणे आणि पुढच्या क्षणाची वर्दी देणे, ही दोन कामे कर्नलमध्ये वेगळी करण्यात आली. सामायिक गणित एका ठिकाणी आल्याने प्रत्येक ड्रायव्हर लहान आणि वाचण्याजोगा झाला.

५. परीक्षणाची मर्यादा :

तथापि परीक्षणाने सर्व दोष टळतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ३० जून २०१२ च्या अखेरीस, भारतात १ जुलैच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास, जागतिक वेळेत एक लीप सेकंद वाढविण्यात आला. कर्नलच्या घड्याळाने तो स्वीकारला, पण सूक्ष्म टायमरच्या हिशेबात तो पोहोचला नाही. परिणामी अनेक प्रोग्रॅम थांबण्याऐवजी अखंड फिरत राहिले आणि रेडिटसारख्या संकेतस्थळांच्या सेवेत व्यत्यय आला. जाणकारांनी वाचलेल्या कोडमध्येही दोन भागांच्या सांध्यात दोष दडून राहिला होता. मात्र कोड आणि त्यामागील चर्चा खुली असल्याने कारण शोधून दुरुस्ती करणे लवकर शक्य झाले.

निष्कर्ष :

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, टायमरचा दोष ज्या अवधीनंतर प्रकट होतो तो अवधी चाचणीच्या अवधीपेक्षा पुष्कळदा मोठा असतो. ही उणीव वाचनाने भरून काढावी लागते. दुसरी, असे वाचन फलदायी व्हावयाचे तर परीक्षकास गणिताबरोबर यंत्राचा पूर्वेतिहासही ज्ञात असावा लागतो. तिसरी, परीक्षण नावानिशी आणि कारणांसह नोंदले गेले तर चूक निसटल्यानंतरही ते उपयोगी पडते. तज्ज्ञ-परीक्षण ही अध्यापक व संशोधकांच्या परिचयाची बाब आहे. ते केवळ शिक्कामोर्तब राहते की खरे वाचन ठरते, यावर ज्ञानव्यवहाराची विश्वासार्हता अवलंबून असते. संगणकाच्या कर्नलमधील लहानशा ड्रायव्हरचा इतिहास या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधतो.