सामायिक मेमरी

* सामायिक मेमरी : इतवारीच्या किराणा ओळीत तिघा व्यापाऱ्यांचे एकच गोदाम असावे आणि तिघांनीही संपूर्ण भाडे आपापल्या वहीत मांडावे, तशी लिनक्सची मोजणी आहे. मेमरी संपली की ‘ओओएम किलर’ सर्वांत जड प्रोसेस शोधतो. पण मेमरीची सामायिक पाने ती वापरणाऱ्या प्रत्येकीच्या नावावर पूर्ण चढलेली असतात. निवडलेल्या प्रोसेसला मारूनही, इतर प्रोसेस ती पाने धरून असतील तर ती मोकळी होत नाहीत. टीएमपीएफएस या मेमरीतच राहणाऱ्या फाइल-प्रणालीतल्या फायली तर सगळ्या प्रोसेस संपल्या तरी उरतातच. वाटणीनुसार काढलेला ‘पीएसएस’ हा आकडा २००८ पासून उपलब्ध आहे, मात्र तो काढणे वेळखाऊ असल्याने बळी निवडताना वापरत नाहीत. म्हणून सामायिक मेमरी वापरणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला या निवडीतून वगळावे, हा पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतील सल्ला मला अत्यावश्यक वाटतो. – संपा.