गंजिफाचे गुण आणि खोट

 अकबराचा दरबारी अबुल फजल याच्या ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, 144 पानांच्या गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचे वर्णन आहे. बाजारातला मोगली संच मात्र 96 पानांचा, तर सावंतवाडीत जपलेला दशावतारी 120 पानांचा. दशावतारीचे बळ असे की त्यातली पात्रे केवळ शोभेची नाहीत. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. कथा थेट नियमात उतरते. क्योटोत 1889 साली हानाफुदा पत्त्यांपासून सुरुवात केलेल्या निन्टेन्डोने 1986 मध्ये ‘झेल्डा’ हा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा खेळाडूला नायकाच्या जागी बसवण्याची हौस जुनीच होती.

खोट स्मरणाची. निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा, म्हणून दश्शीच तिथे सर्वांत दुबळी. शिवाय पडलेली पाने लक्षात ठेवायची. कोणी म्हणेल, स्वस्त छापील पत्त्यांनी गंजिफा मारला, दोष रचनेचा नव्हे. किंमत महत्त्वाची होतीच. हाताने रंगवलेली गोल पाने महागच पडणार. पण दशावताराचा संच छापूनही नवख्याचे ओझे हलके झाले नसते. जपानी व्हिडिओ गेममध्ये हा हिशेब यंत्र ठेवते. इथे तो खेळणाऱ्यानेच ठेवायचा.