जागा होती, तरी ‘स्पिरिट’ अडकलं

२२५ दिवस आधी – १० जून २००३
फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलहून नासाचं ‘स्पिरिट’ हे रोव्हर मंगळाकडे निघतं. त्याच्या पोटात २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी आणि १२८ मेगाबाइट रॅम आहे. आजच्या स्वस्तातल्या फोनपुढेही ही शिदोरी किरकोळ, पण ठरलेल्या ९० मंगळदिवसांच्या कामाला पुरेशी. प्रवासातच फाइली साठू लागतात. वाटेत नवं सॉफ्टवेअर चढवलं जातं, जुन्याच्या फाइली आणि डिरेक्टरी मात्र फ्लॅशवर तशाच राहतात. त्यांचा कुणाला त्रास नसतो, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

१७ दिवस आधी – ४ जानेवारी २००४, ०४:३५ (जागतिक प्रमाणवेळ)
यान गुसेव्ह विवरात सुखरूप उतरतं. मंगळावरच्या दिवसाला ‘सोल’ म्हणतात आणि तो २४ तास ३९ मिनिटांचा असतो. सोल १ सुरू होतो. फोटो, तापमानं, मोटारींच्या नोंदी, सगळ्याच्या फाइली बनू लागतात. पृथ्वीवरच्या चाचण्या या मोहिमेइतके दिवस सलग कधी चाललेल्याच नाहीत. इतक्या फाइली एकदम सांभाळायची वेळ या सॉफ्टवेअरवर पहिल्यांदाच येते आहे, आणि तीही मंगळावर.

सुमारे ७४ तास आधी – सोल १५
पॅसाडेनातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत फाइलींची वाढती संख्या लक्षात येते. म्हणजे इशारा मिळालेला आहे, कुणी झोपलेलं नाही. प्रवासातला जुना पसारा काढून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम दोन भागांत पाठवला जातो. एक भाग पोहोचतो, दुसरा पोहोचत नाही. अर्ध्या प्रोग्रॅमने सफाई होत नाही. पुढचा प्रयत्न सोल १९ ला करायचं ठरतं. चार दिवसांनी काय बिघडतंय, असं वाटावं अशीच परिस्थिती आहे, कारण फ्लॅशवर मोकळी जागा दिसते आहे.

खरी टंचाई दुसरीकडे आहे. फ्लॅशवरच्या प्रत्येक डिरेक्टरीची यादी फाइल सिस्टिम रॅममध्ये मांडून ठेवते. फाइल पुसली की यादीतली तिची ओळ जाते, पण यादीने धरलेली जागा सुटत नाही. गोदामात पोत्यांना भरपूर जागा असावी आणि मुनीमजींची खतावणी मात्र शेवटच्या पानावर आलेली असावी, तसा हा प्रकार. सगळ्यांची नजर गोदामावर आहे.

काही तास आधी – सोल १८, २१ जानेवारी
‘अ‍ॅडिरोंडॅक’ नावाच्या खडकाजवळ नेहमीचं काम चालू आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अँटेनावर वादळी पाऊस आहे. सकाळच्या आज्ञा जातात. त्या मिळाल्याची साधी खूण येते, पण मागाहून यायला हवी ती माहिती येत नाही. पहिला संशय अर्थातच पावसावर जातो.

शून्य
यानावर एक प्रोग्रॅम आणखी थोडी रॅम मागतो आणि ती मिळत नाही. इथे मांडणीतल्या दोन चुका एकत्र येतात. फाइल सिस्टिमने आपल्या वाट्याबाहेरची रॅम घेऊ नये अशी अट लावायची राहिलेली आहे. आणि मेमरी न मिळाल्यास त्रुटी कळवून पुढे जाण्याऐवजी मागणारं काम जागच्या जागी थांबवावं, अशी सेटिंग आहे. काम थांबतं. ते हललं नाही म्हणून संगणक स्वतःला रीबूट करतो. सुरू होताना तो पहिल्यांदा फ्लॅश वाचायला घेतो, तीच लांबलचक यादी रॅममध्ये मांडू लागतो, आणि पुन्हा अडकतो. पुन्हा रीबूट.

सोल १९ – २२ जानेवारी
सफाईच्या दुसऱ्या प्रयत्नाचा हा दिवस. सफाई करायला यान धड बोलतच नाही. रात्री झोपण्याची आज्ञाही फाइल सिस्टिमपाशी अडून पडते, त्यामुळे यान रात्रभर जागं राहून बॅटरी खात बसतं. बॅटरी पार उतरली तर दुरुस्तीचा प्रश्नच उरणार नाही.

२३ जानेवारी, १२:३४
माद्रिदजवळच्या अँटेनाला क्षीण संदेश मिळतो. दहा मिनिटं, सेकंदाला १० बिट. एकूण जेमतेम ७५० बाइट, मोबाइलवरच्या एखाद्या लांबट निरोपाएवढे.

२३ जानेवारी, १३:२६
आता सेकंदाला १२० बिट, वीस मिनिटं. आलेल्या माहितीतून कळतं की यान गेल्या काही दिवसांत साठहून जास्त वेळा रीबूट झालं आहे. तो आकडाच निदानाची दिशा दाखवतो: बिघाड दर वेळी सुरुवातीलाच गाठतो आहे, म्हणजे सुरुवातीला जे वाचलं जातं तिथे बघा.

२४ जानेवारी
एक आज्ञा जाते: फ्लॅशला हात न लावता, नुसत्या रॅमवर सुरू हो. यान ऐकतं आणि सुमारे तासभर नीट बोलतं. दुसऱ्या दिवशी ०५:०५ ला जुळं यान ‘ऑपॉर्च्युनिटी’ मंगळावर उतरतं, तेच सॉफ्टवेअर घेऊन.

सोल ३३ – ६ फेब्रुवारी
‘स्पिरिट’ची फ्लॅश फॉरमॅट होते. ९० सोलसाठी पाठवलेलं हे यान मार्च २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत राहतं.

तुमच्या सर्व्हरवर
गोदाम आणि खतावणी असा भेद इथेही आहे. लिनक्सवर ‘डीएफ -एच’ टाइप केलं की किती जागा उरली ते दिसतं, आणि बहुतेक इशारे याच आकड्यावर बांधलेले असतात. ‘डीएफ -आय’ मात्र क्वचितच कुणी चालवतं. त्यात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, किती उरल्या ते दिसतं. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो चिमुकल्या फाइली झाल्या की आयनोड संपतात, आणि डिस्क अर्धी रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असा निरोप येतो. लॉगची फाइल पुसली पण एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरली असेल, तर तिची जागाही सुटत नाही. तेव्हा क्रॉनमध्ये तपासणी लावायची तर जागा आणि आयनोड, दोन्ही आकड्यांवर लावावी.

मग प्रश्न उरतो टक्क्यांचा. ८० की ९०, यावर वाद घालण्यापेक्षा दोन गोष्टी मोजाव्यात: हा व्हॉल्यूम रोज किती वाढतो, आणि सफाईला तुमच्याकडे खरोखर किती दिवस लागतात. परवानगी, शनिवार-रविवार आणि फसलेला पहिला प्रयत्न धरून चार दिवस लागत असतील आणि वाढ रोज तीन टक्के असेल, तर ९० टक्क्यांचा इशारा निरुपयोगी आहे. सफाई होईपर्यंत डिस्क भरलेली असेल. ८० वर वाजला तर सहा दिवस मिळतात. ‘स्पिरिट’वर सोल १५ ला समजलं, दुरुस्ती सोल १९ ला होती, आणि मेमरी सोल १८ ला संपली. एक दिवस कमी पडला.

इशारा लावून झाला की चाचणीच्या व्हॉल्यूमवर ‘फॅलोकेट’ने एक मोठी बनावट फाइल तयार करावी आणि मर्यादा मुद्दाम ओलांडावी. रात्रपाळीच्या माणसाचा फोन वाजला, तर इशारा लागला असं समजावं.