अंधाऱ्या खोलीतली तालीम

कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटले की आधी पेठेतला लाल मातीचा हौदा आठवतो. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थही आहे: वस्तादाच्या नजरेखाली रोज घोटवलेला हात. क्ष-किरण तंत्रज्ञ कसे शिकत आले याचा माग काढताना मला हा दुसरा अर्थच कामी आला. दवाखान्यांच्या इतिहासात डॉक्टर सापडतात, देणगीदार सापडतात, कोनशिला सापडतात. यंत्राची कळ दाबणारा माणूस मात्र सहसा सापडत नाही.

शाहू महाराजांनी 2 एप्रिल 1894 रोजी कारभार हाती घेतला. त्यानंतर दीडेक वर्षाने, 8 नोव्हेंबर 1895 रोजी, जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये रोंटगेनला हे किरण दिसले. मेजर मांट यांच्या आराखड्याची आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची इमारत, म्हणजे आजचे सीपीआर, तेव्हा उभी होती. दोनच वर्षांनी, 1897-98 च्या तिराहच्या मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर यांनी वायव्य सरहद्दीवर हे यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. शिकवणारे कोणीच नव्हते. ज्याला फोटोग्राफी किंवा विजेचे काम येई, तो पुढे होई. एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली नळीची चाचणी स्वतःच्या हातावर घेत असे; आधी हात गेले, 1904 मध्ये तो गेला. अशा बळींचे स्मारक हॅम्बुर्गमध्ये 1936 साली उभे राहिले, त्यावर सुरुवातीलाच 169 नावे होती. या विद्येची पहिली फी अशी भरली गेली.

रीतसर शिक्षणाला खरा जोर महायुद्धाने आला. मेरी क्युरीने पॅरिसमध्ये सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवून लष्करी दवाखान्यांत धाडले. ब्रिटनमध्ये 1920 साली रेडिओग्राफरांची संस्था निघाली. 1939 साली कॅथलीन क्लार्क यांचा रोग्याला कसे झोपवावे, कसे वळवावे हे दाखवणारा ग्रंथ आला. ‘क्लार्क’ आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिसतो, बहुधा झेरॉक्स स्वरूपात.

अंधाऱ्या खोलीचे मात्र कोल्हापूरला अप्रूप नसावे. ‘सैरंध्री’ काढणारे बाबूराव पेंटर इथले, 1929 साली ‘प्रभात’ निघाली तीही इथेच. लाल दिवा, डेव्हलपर, हायपो, वाळत टांगलेली फिल्म. सिनेमाची आणि छातीच्या फोटोची रसायनविद्या एकच. उन्हाळ्यात डेव्हलपर तापला की फिल्म लवकर काळवंडते, म्हणून वेळ कमी करायचा. हे घड्याळापेक्षा अंदाजाने कळायचे. किरण जास्त सोडले तर फिल्म काळीकुट्ट, कमी सोडले तर पांढरीफटक. शिकाऊ पोराची चूक दहा मिनिटांत ओल्या फिल्मवर सगळ्यांसमोर टांगलेली असे, आणि वस्ताद बोलायचा तो बोलायचाच.

संगणक आला आणि ही शिक्षा गेली. आता किरण गरजेपेक्षा जास्त सोडले तरी पडद्यावरचे चित्र सुरेखच दिसते, कारण यंत्र ते सावरून घेते. उलट कमी सोडले तर चित्र दाणेदार येते आणि बोलणी बसतात. साहजिकच हात जास्तीकडे झुकतो. भुर्दंड रोग्याच्या अंगावर. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत काळजीची जागा वाटते: चूक दिसेनाशी झाली, ती दाखवायला पाठीमागे माणूस उभा हवा, आणि नेमका तोच कमी पडतो.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात (नाव घेत नाही) रडणाऱ्या मुलाला धरायला शिकाऊ मुलगी उभी केलेली पाहिली. शिशाचा एप्रन खुंटीला होता. बिल्ला कुठे म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘ड्रॉवरमध्ये असतोय की काका, हरवला तर भरून द्यावा लागतोय.’

तो बिल्ला म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975 पासून रूढ केलेला टीएलडी. आत तीन छोट्या चकत्या; अंगावर पडलेल्या किरणांची नोंद त्या धरून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी ती वाचली जाते. सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊंना वर्षाला 6 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने 20. ड्रॉवरमधल्या बिल्ल्यावर अर्थातच शून्य येते.

2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात या पेशाला अखेर जागा मिळाली. संलग्न व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण त्यात धरले आहे. त्यांतले यंत्रापाशी किती आणि केसपेपर पोचवण्यात किती, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

एका निवृत्त तंत्रज्ञाला मी विचारले, नव्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवायचा? ते म्हणाले, ‘बोलायला.’ सीपीआरला शाहूवाडीची म्हातारी येते, सिंधुदुर्गातला माणूस येतो, सीमेपलीकडचा कानडी शेतकरी येतो. छातीच्या फोटोला श्वास रोखला नाही तर फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो, म्हणजे दुप्पट किरण. म्हणून पहिला धडा: ‘दम धरा’, आणि तेही कळले नाही तर, ‘उसिरु हिडीरी’.