वेळास : कासवांचे संरक्षण आणि गावाचा सहभाग

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ वेळास हे लहानसे गाव वसले आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ते नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून परिचित असते. गेल्या दोन दशकांत मात्र या गावाचे नाव एका निराळ्याच कारणाने सर्वतोमुखी झाले. सागरी कासवांची घरटी राखणारे गाव म्हणून ते आज ओळखले जाते. हा पालट कसा घडून आला, याचा विचार स्थानिक संस्थांच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

वेळासच्या पुळणीवर येणारे कासव ऑलिव्ह रिडले या जातीचे होय. ओडिशातील गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर या जातीच्या माद्या हजारोंच्या समूहाने अंडी घालतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. पिलांशी तिचा पुन्हा संबंध येत नाही. तिच्या येण्याजाण्याचा माग मात्र वाळूवर उमटलेला राहतो. कोल्हे व कुत्री वासाने घरट्यापर्यंत पोचतात. मनुष्य हा माग पाहून पोचतो. किनाऱ्यावरील अनेक गावांत ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी काढली जात असत.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ‘कासव’ हा शब्द संस्कृत ‘कच्छप’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला; ‘मत्स्य’पासून ‘मासा’ झाला, त्याच जातीचा हा ध्वनिविकार आहे. शब्द जितका जुना, तितकाच या प्राण्याविषयीचा आदरभावही जुना आहे. महाराष्ट्रातील असंख्य देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि भाविक त्याला स्पर्श करून पुढे जातो. तथापि देवळातील या आदराने पुळणीवरील अंड्यांचे रक्षण झाले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवांचा समावेश झाला, म्हणजे त्यांना सर्वांत कडक संरक्षण मिळाले. परंतु रात्रीच्या निर्जन किनाऱ्यावर या कायद्याची अंमलबजावणी करणारे कोणी नव्हते. श्रद्धा होती, कायदाही होता. या दोहोंना गावात उभे करणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

ती व्यवस्था एका स्वयंसेवी संस्थेने निर्माण केली. चिपळूण येथे १९९२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली होती. २००२ मध्ये समुद्र गरुडाच्या पाहणीसाठी किनारा हिंडत असता तिच्या कार्यकर्त्यांना वेळास येथे कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. त्यावरून येथे कासवे येतात आणि त्यांची घरटी लुटली जातात, या दोन्ही गोष्टी एकदमच स्पष्ट झाल्या. संस्थेने त्याच हंगामात संरक्षणाचे काम हाती घेतले. त्यासाठी बाहेरून पहारेकरी न आणता गावातीलच माणसे नेमली, ही या प्रयोगातील निर्णायक गोष्ट होय. माग ओळखणे, घरटे हुडकणे, अंडी फुटू न देता काढणे, हे ज्ञान गावातच होते. लुटीस उपयोगी पडणारे ज्ञानच रक्षणासही उपयोगी पडले. पालटला तो त्याचा हेतू. ‘कासवमित्र’ हा सामासिक शब्द या नव्या भूमिकेचे नाव म्हणून रूढ झाला.

कामाची पद्धत साधी आहे. पहाटे किनारा पायी तपासावयाचा, सापडलेली अंडी भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत मूळ घरट्याच्या मापाच्या खड्ड्यात ठेवावयाची आणि पिले निघण्याच्या सुमारास त्यावर टोपली पालथी घालावयाची. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले वर येतात. त्यांना थेट पाण्यात न सोडता काही अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत समुद्रात जातात.

२००६ मध्ये वेळासला कासव महोत्सव सुरू झाला आणि संरक्षणाला आर्थिक बाजू प्राप्त झाली. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरांतूनच केली. ज्या कोकणातील कर्त्या पुरुषाने मुंबईस जाऊन मनिऑर्डर पाठवावी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता, तेथे घरच्या पडवीत आणि स्वयंपाकघरात उत्पन्न येऊ लागले. त्यात स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा होता. अंडे विकून एकाला एकदाच पैसा मिळत असे. घरटे राखल्याने अनेक घरांना दरवर्षी मिळू लागला. पुढे महोत्सवाचा कारभार गावकऱ्यांच्या हाती आला, वनविभागाचे साहाय्य लाभले, आणि संस्थेने वेळासचा अनुभव किनाऱ्यावरील इतर गावांत नेला.

या यशाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. अंडी उबण्याचा काळ वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतो, पाहुण्यांच्या सुटीवर नव्हे. एखाद्या दिवशी एकही पिलू न निघाल्यास पाहुणा निराश होतो आणि त्याच्या समाधानाचा भार कासवावर पडू पाहतो. पिलाचे लिंगही उष्णतेनेच ठरते. वाळू अधिक तापल्यास माद्यांचे प्रमाण वाढते, आणि उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास अंडी नासतात. त्यामुळे उबवणीच्या जागेची निवड ही केवळ सोयीची बाब राहत नाही. शिवाय कासवाचे बहुतेक आयुष्य समुद्रात जाते आणि तेथे त्याची गाठ मासेमारीच्या जाळ्याशी पडते. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांस भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कासव वाचविण्याचा खर्च एकट्या मच्छीमाराने सोसू नये, हे तत्त्व तीत मान्य झाले.

कासवाचा संचार गावाच्या सीमेत मावणारा नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ हे नाव दिलेल्या मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग देणारे यंत्र बसविण्यात आले. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे परस्परांपासून अलग असावीत, या समजुतीस त्यामुळे धक्का बसला.

सारांश, वेळासच्या प्रयोगात संस्थेने गावाला नवी श्रद्धा दिली नाही की नवा कायदाही दिला नाही. गावात असलेल्या ज्ञानाला तिने मान व मोबदला मिळवून दिला आणि कारभार गावाच्या हाती जाऊ दिला. ऑलिव्ह रिडलेची मादी वयात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. पहिल्या हंगामांत समुद्रात गेलेल्या पिलांपैकी ज्या थोड्या माद्या जगल्या असतील, त्या आता अंडी घालण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. त्या परततील तेव्हा पुळण मोकळी असावी, किनाऱ्यावर अंधार असावा आणि पहाटे माग काढणारा कोणी गावात असावा, ही जबाबदारी आता गावाची आहे. पाहुण्यांची गर्दी ओसरलेल्या वर्षीही ती पार पडते किंवा नाही, यावरच या प्रयोगाचे अंतिम मूल्यमापन होईल.