दारावरची थाप

हर्सूलच्या आमच्या घरात एक नियम होता. दार वाजवायचे नाही. बाहेरून आधी नाव सांगायचे, "अब्बा, मी आलोय." मग कडी निघायची. दूधवाला असो, पोस्टमन असो की पाहुणा, साऱ्यांना हे ठाऊक होते. ठाऊक नसलेल्या एखाद्याने रात्री कडी वाजवली, की अब्बांच्या हातात कात्री किंवा गज, जे सापडेल ते यायचे. पाहुणा गेल्यावर ताटे आपटली जायची. एकदा अम्मी मध्ये पडली आणि तिचा हात मोडला. दवाखान्यात ती म्हणाली, "पाय घसरला."

अब्बा शिलाईकाम करीत. गिऱ्हाइकाशी कधी वर आवाज नाही. मोहल्ल्यात त्यांना गरीब माणूस म्हणत. म्हणून आम्हा भावंडांना वाटे, हा राग फक्त आपल्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

उत्तर दादीने दिले, तेही तिच्या अखेरच्या दिवसांत. आमचे मूळ गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. आजोबा विणकर. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. रझाकारांच्या जुलमाखाली पिचलेल्या माणसांनी मोकळा श्वास घेतला. पण त्यानंतरच्या दिवसांत रझाकारांचा सूड त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांवरही उगवला गेला. एका रात्री आमच्या दारावर थाप पडली. आजोबा उघडायला गेले, ते परतलेच नाहीत. दहा वर्षांच्या अब्बांना आणि दादीला शेजारच्या कोष्टी कुटुंबाने आपल्या मागाच्या खड्ड्यात लपवले.

त्या काळात काय घडले हे पाहण्यासाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिच्या अंदाजाने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, आणि उस्मानाबाद हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला. त्यात एक नोंद आहे : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्याची किंमतही मोजली. ती ओळ वाचताना मला दादीचा तो खड्डा आठवला.

मी काही डॉक्टर नाही. बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण अब्बांच्या रागाला काही नाव आहे का, हे शोधत मी या विषयाच्या इतिहासापर्यंत पोहोचलो. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेले सैनिक थरथरत, किंचाळत. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. सीगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन इंग्रज कवी १९१७ साली एकाच इस्पितळात याच निदानाखाली होते. पुढे व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे १९८० साली आघातोत्तर ताणविकार हे नाव अधिकृत झाले. २०१३ च्या व्याख्येत शब्दांनी किंवा हातांनी होणारा रागाचा उद्रेक हेही लक्षण म्हणून स्पष्ट आले.

आपल्याकडे हे सैनिकांपुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. वाचलेल्या माणसांच्या एका लहानशा पाहणीत, जी १९९६ साली प्रसिद्ध झाली, निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार दिसून आला.

जाणकार सांगतात, की एकदा जिवावर बेतले, की काही माणसांचे मन पहाऱ्यावरून उतरतच नाही. थाप साधी असते, मन तिला शत्रू समजते. विचार करायच्या आत हात उठतो. म्हणून तपासणारा डॉक्टर नुसते "राग येतो का?" असे विचारत नाही. किती वेळा येतो, किती टिकतो, कशाने पेटतो, झोप लागते का, दारू आहे का, घरात कोणाला इजा झाली आहे का, हे तो विचारतो. शक्यतो घरच्यांनाही वेगळे बसवून विचारतो. अम्मीला कोणी असे वेगळे विचारले असते, तर पाय घसरला नव्हता हे कळले असते.

उपचारही आहेत. रेमंड नोवाको या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ पासून रागावर पद्धतशीर काम केले. आधी आपला राग ओळखायचा, मग शरीर सैल सोडण्याची आणि विचार तपासण्याची सवय लावायची, मग छोट्या प्रसंगांपासून मोठ्या प्रसंगांपर्यंत सराव करायचा. मूळ आघाताबद्दल सुरक्षित जागी, जाणकारासमोर बोलणे हा उपचाराचा गाभा. गरज पडल्यास औषधे. आता १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

दोन गोष्टी मात्र नीट सांगायला हव्यात. आघात सोसलेली बहुतेक माणसे कोणावर हात उगारत नाहीत. आणि कारण कळले म्हणून मार माफ होत नाही. घरातल्यांची सुरक्षितता आधी, समजूत नंतर. अब्बांचे दुःख खरे होते. अम्मीचा मोडलेला हातही तितकाच खरा होता.

अब्बांना कधी कोणी तपासले नाही. त्यामुळे त्यांना नेमका हाच आजार होता, असे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत एक काका होते. त्यांचे वडील रझाकारांच्या हातून गेले होते. तेही रात्रीच्या थापेने दचकत. अब्बा आणि ते दोघे हर्सूल तलावाच्या काठी संध्याकाळी बसत. काय बोलत, ठाऊक नाही. बहुधा काहीच नाही. पण तिथून आल्यावर अब्बांना झोप लागे, असे अम्मी सांगायची.

अब्बा गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. दाराला घंटी बसवली आहे. तरी मी घरी येतो तेव्हा आधी हाक मारतो, "अम्मी, मी आलोय." मगच कडी निघते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)