मुंदडा प्रकरण : घोटाळ्यामुळे मंत्र्याचे पद कधी जाते?

१/ फेब्रुवारी १९५८. केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. निमित्त होते आयुर्विमा महामंडळाने केलेल्या १ कोटी २४ लाख रुपयांच्या शेअरखरेदीचे. गैरव्यवहार पुष्कळ होतात. त्यांतल्या एखाद्यानेच मंत्र्याचे आसन का डळमळते, हे या प्रकरणातून उमगते. #थ्रेड

२/ आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले आणि सामान्य विमाधारकांची पुंजी सरकारी महामंडळाकडे आली. जून १९५७ मध्ये या पैशातून हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर्स घेण्यात आले. मुंदडा तेव्हा आर्थिक अडचणीत होते. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला मात्र विचारलेच गेले नव्हते.

३/ १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत फिरोज गांधी यांनी हा विषय धसास लावला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. त्यामुळे 'विरोधकांचा कांगावा' म्हणून प्रश्न झटकून टाकणे सरकारला शक्य नव्हते.

४/ याची पूर्वतयारीही फिरोज गांधींच्याच हातून झाली होती. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा १९५६ साली संमत झाला, तो त्यांच्याच खासगी विधेयकातून. सभागृहातला आरोप आता निर्धास्तपणे घरोघरी पोहोचू शकत होता.

५/ जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी चौकशी मुंबईत आणि खुली ठेवली. मंत्री आणि त्यांचे सचिव यांच्या जबान्यांतील विसंगती लोकांनी प्रत्यक्ष ऐकली. अहवाल फेब्रुवारीतच आला.

६/ कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, हा बचाव छागला यांनी फेटाळला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. त्याला अधिकाऱ्याच्या आड लपता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

७/ पण पद गेले म्हणजे कारकीर्द संपली, असे नव्हे. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. वित्त सचिव एच. एम. पटेल यांनाही या प्रकरणानंतर सेवा सोडावी लागली होती. १९७७ मध्ये जनता सरकारात तेच अर्थमंत्री झाले!

८/ व्यक्ती सावरतात. खरा धोका असतो तो प्रश्न विचारण्याच्या वाटांना. फिरोज गांधींचा तो कायदा आणीबाणीत, १९७६ साली, रद्द करण्यात आला. तेव्हा पंतप्रधान होत्या त्यांच्या पत्नी इंदिरा गांधी. १९७७ मध्ये जनता सरकारने त्या संरक्षणाची पुनःस्थापना केली.

९/ गैरव्यवहार बंद दाराआड घडतो. त्याचा 'घोटाळा' होण्यासाठी विचारणारा खासदार, छापू शकणारे वृत्तपत्र आणि खुली चौकशी, तिन्ही लागतात. १९५८ साली ही तिन्ही एकत्र आली, म्हणूनच अर्थमंत्र्यांना जावे लागले.